एका कोटातली माणसं

अकोल्याच्या फोटो स्टुडिओत सतरंजीवर महादेवराव मांडी घालून बसले होते, आणि त्यांच्यापुढे चाळीस माणसं मांडून ठेवली होती. चाळीस फोटो, पण कोट एकच. काळी टोपी तीच, लाकडी खुर्ची तीच, मागच्या पडद्यावर रंगवलेला तलाव तोच आणि तलावातली दोन बदकंही तीच. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ, डोळे समोर. महादेवराव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघत गेले आणि परत फिरले.

"सापडले का?" फोटोवाल्या कमलाकांतने विचारलं.

"थांबा बापा. गर्दी लय हाये."

त्यांना आपला भाऊ शोधायचा होता. उत्तमराव त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. चार वर्षांपूर्वी भादव्यात तापाने गेला, दोन दिवसांत. घरात त्याचा एकच फोटो होता, याच स्टुडिओत काढलेला. तो म्हाताऱ्या आईने त्याच्याबरोबर सरणावर ठेवला. "लेकरू एकटं कसं जाईन? कोनी तरी सोबत असू द्या," असं म्हणाली. त्याच्या सोबतीला त्याचाच फोटो कसा चालेल, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. पुढच्या साली म्हातारीही गेली.

उत्तमराव गेला तेव्हा त्याची पोरगी शालू सहा महिन्यांची होती. आता ती चालती बोलती झाली होती आणि हिवरखेडच्या आळीतल्या इतर पोरींना बाप आहेत हे तिच्या ध्यानात आलं होतं. बाबा कसे होते, असं ती ज्याला त्याला विचारी. जो तो सांगे, "तुह्या मोठ्या बाबासारखे." मग एक दिवस ती महादेवरावांच्या मांडीवर चढून म्हणाली, "मोठे बाबा, बाबा तुमच्यासारखे, तं तुमी कोनासारखे?" त्यांनी तिला सांगून टाकलं, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाबा घरी येतील. फोटोत येतील. पितरांना घास द्यायच्या दिवशी समोर पाटावर बसतील. शालूने ते आळीभर सांगितलं. त्यामुळे आता माघार नव्हती.

कमलाकांत अमरावतीच्या मोरोपंत वकिलांचा मुलगा. बापाने त्याला वकिलीला घातलं, तो कॅमेरा घेऊन बाहेर पडला आणि अकोल्याला येऊन त्याने स्टुडिओ टाकला. कापूस विकून झालेले शेतकरी बाजाराच्या दिवशी त्याच्याकडे येत. खुंटीवर एक काळा कोट असे. तो पाठीकडून उभा फाडलेला होता आणि त्याला नाड्या लावल्या होत्या. बारीक माणसाला नाड्या आवळून बांधायच्या, जाड्याला सैल सोडायच्या. पुढून सगळे साहेब आणि मागून सगळे उघडे. महादेवराव आणि उत्तमराव असेच एका बाजाराला आले होते. आधी उत्तमराव बसला. मग त्यानेच भावाला ढकललं, "दादा, तूही बस, कोट गरम हाये तवरच." महादेवरावांनी तो आपला फोटो पुढे कधी आणला नाही. बैलाच्या औषधाच्या घाईत राहून गेला, आणि नंतर आपण बसलो होतो हेही ते विसरले.

"साहेब, फोटोच्या काचीवर नाव लिवलेलं असते ना? मांगं तं तुमी असंच शोधून देत होते."

कमलाकांत जरा खाली बघून म्हणाला, "होतं. मी पुसून टाकलं."

"काहून?"

कमलाकांत मग सतरंजीवर त्यांच्याशेजारीच बसला. हे सांगायला त्याला कुणी तरी हवंच होतं असं दिसलं. म्हणाला, "गेल्या वर्षी काचा धुवून ओळीनं वाळत ठेवल्या होत्या. मला वाटलं, चुकून एकच माणूस बारा वेळा काढला. बघतो तर बारा वेगळे. माणूस कोट घालतो तेव्हा पहिल्यांदा खांदे उडवतो, मान वळवतो, हसतो. पाच मिनिटं जाऊ द्या. मग तो खुर्चीसारखा होतो. जिथे बसवलं तिथला होतो. हे सगळं एका जागी मांडून दाखवायचंय मला. पुढच्या महिन्यात अमरावतीला शाळेच्या हॉलमध्ये लावणार आहे. आता खाली नाव असलं की लोक नाव वाचतात, माणूस बघत नाहीत. म्हणून नावं काढली."

महादेवरावांनी मान हलवली. त्यातलं निम्मं त्यांना कळलं होतं, आणि कळलेलं निम्मं पटलं नव्हतं.

ते पुन्हा फोटोंकडे वळले. उत्तमला ओळखायच्या किती तरी खुणा त्यांना पाठ होत्या. तो चालताना डावा पाय बाहेर टाकी. त्याच्या मानेवर बैलाचं जू लागल्याचा जुना वण होता. तो लांबून येताना नुसत्या खाकरण्यावरून कळे. पण इथे कुणी चालत नव्हतं, कुणी खाकरत नव्हतं, आणि मान कोटाने झाकलेली. कमलाकांतने पेन्सिल फिरवून सगळ्यांच्या सुरकुत्या आणि देवीचे वणही बुजवले होते. शेवटी एका चेहऱ्यावर त्यांची नजर थांबली. नाक ओळखीचं होतं. अगदी घरातलं नाक.

"हा. हाच माहा उत्तम," ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

आठ दिवसांनी मोठा फोटो चौकटीत बसून हिवरखेडला आला. महादेवरावांची बायको पार्वताबाई त्या वेळी तेल्हाऱ्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. घरात सुभद्रा, म्हणजे उत्तमरावची बायको, आणि शालू. महादेवरावांनी स्वतः खुंटी ठोकली, फोटो लावला, झेंडूचा हार घातला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, सुभद्रा तोंड वर करून कधी बोलत नसे. तेव्हा तिने नवऱ्याचा फोटो एकटीने बघावा म्हणून ते उठले.

आतून आवाज आला नाही. रडण्याचाही नाही. बऱ्याच वेळाने शालू बाहेर आली.

"काय म्हनते तुही माय?"

"काई नाही. भाकरी करून राहिली."

महादेवरावांना वाटलं, दुःख आत गेलं असेल.

पुढे आठ-दहा दिवस तसेच गेले. शालू मात्र रोज फोटोपुढे जाऊन काहीबाही सांगे. मग पार्वताबाई परत आली. गाठोडं खाली ठेवते न ठेवते तोच तिने पाहिलं, की सुभद्रा माजघर झाडते आहे, आणि फोटोच्या भिंतीपाशी आली की डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढून अंग चोरून पुढे सरकते आहे.

"अवं, कोनापुढे पदर घेऊन राहिली? घरात तं कोनी नाही."

सुभद्राने केर पुढे लोटला.

"नवऱ्याच्या फोटोपुढे कोनी पदर घेते काय वं?"

"नवऱ्याच्या फोटोपुढे नाही घेत, बाई," सुभद्रा हळूच म्हणाली.

पार्वताबाई फोटोजवळ गेली. डोळे बारीक केले, हार बाजूला केला, आणि दोन्ही गालांवर चापट्या मारून घेत ओरडली, "अगं माय! अहो, इकडे या आंदी! हे तं तुमीच! जित्या मानसाले हार घालून ठेवला!"

महादेवराव आत आले. पार्वताबाईने हार ओढून काढला होता आणि ती एकदा हसत होती, एकदा देवाचं नाव घेत होती.

"मी कसा असीन? मी असा दिसतो?"

"तं मंग कसा दिसता? वीस-बावीस वर्सं झाले पाहून राहिली मी."

महादेवरावांनी आपलं तोंड आजवर पाहिलं होतं ते न्हाव्याच्या तळहाताएवढ्या आरशात. एका वेळी एक गाल. सबंध माणूस म्हणून स्वतःला त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ते फोटोसमोर उभे राहिले. फोटोतला माणूस त्यांच्याकडे बघत होता, आणि तो त्यांना अजूनही उत्तमच वाटत होता. पार्वताबाईने सांगितलं की तो आपणच वाटे, तिने तोंड फिरवलं की पुन्हा उत्तम.

"न हिनं काहून सांगतलं नाही दहा दिवस?"

"ते कशी सांगन? तुमाले तोंड वर करून म्हनन काय, का भासरेबुवा, तुमी माह्या नवऱ्याच्या जागी लटकून राहिले म्हनून?" पार्वताबाई पदराआड हसली. मग तिचं हसू गेलं, कारण शालू दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"मंग बाबा कोनते?" शालूने विचारलं.

आखाजी बारा दिवसांवर आली होती.

"आता तुमी एकटे जाऊ नका," पार्वताबाई म्हणाली. "तुमाले सोताचं तोंड ओयखू येत नाही, भावाचं काय ओयखान? सुभद्रेले घेऊन चला. मीही येतो."

अमरावतीच्या शाळेचा हॉल लांबट होता. एका भिंतीवर पांढरं कापड ताणून त्यावर दहा-दहाच्या चार ओळींत चाळीस माणसं लावली होती. काही वकील, काही मास्तर लोक हात मागे बांधून बघत होते. दारात मोरोपंत वकील काठीवर हनुवटी टेकून खुर्चीत बसले होते. पोराच्या कामाकडे पाठ करून बसले होते, पण उठून गेले नव्हते.

"या," ते महादेवरावांना म्हणाले. "तुम्ही भिंतीवरचे का बाहेरचे?"

"दोनीकडचे," महादेवराव म्हणाले.

त्यांनी कमलाकांतला बाजूला घेऊन झालेला घोटाळा सांगितला. ऐकता ऐकता कमलाकांतचा चेहरा उजळत गेला. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "तुम्ही स्वतःलाच ओळखलं नाही? महादेवराव, हेच! मला हेच म्हणायचं होतं!"

"तुमाले म्हनायचं होतं, न आमाले पाहायचं होतं," महादेवराव म्हणाले. "एक सांगा साहेब. कोट कोनाचा?"

"स्टुडिओचा. माझा."

"टोपी?"

"माझीच."

"हात गुडघ्यावर ठेवा कोनं म्हनलं?"

कमलाकांतने धरलेले हात सोडले.

"तुमीच कोट घातला, तुमीच हात ठेवले, वरून पेन्सिल फिरवली. न आता लोकाइले सांगून राहिले का हे सारे सारखे दिसते. आमी तं घरून येगयेगळे आलो होतो."

दारातून मोरोपंतांची काठी एकदा आपटली. हसले की खोकले ते कळलं नाही.

कमलाकांत भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "मला उत्तमराव आठवत नाहीत. मी आठवून पाहिलं. तुम्ही दोघं आलात त्या दिवशी ऊन चांगलं होतं, एवढं आठवतं. मी कोटाच्या चुण्या नीट करत होतो. चेहऱ्याकडे मी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "आणि तुम्ही म्हणता ते बरोबर आहे की चूक, तेही मला आता सांगता येत नाही. कोट घातल्याशिवाय कुणी बसायलाच तयार नसायचं. तुम्ही बसला असता?"

महादेवरावांनी विचार केला. बसले नसते. रोजच्या बंडीत फोटो कोण काढतो? हे त्यांना कबूल करावं लागलं, आणि मग भांडण नेमकं कुणाशी आहे तेच त्यांना कळेना.

तिकडे सुभद्रा भिंतीशी गेली होती. शालूचा हात तिच्या हातात होता. चाळीस परके पुरुष एकदम समोर, म्हणून पहिल्यांदा ती नुसती त्यांच्या कोटांकडेच बघत होती. पार्वताबाई मागून पुटपुटत होती, "हे पाय, हे आमचे. चाळीस जनाइत एकटेच असे बसले का जसे सासरी जेवाले बसले." सुभद्राने मान वर केली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत एका फोटोपाशी ती थांबली, पुढे गेली, चौथी ओळ संपवली आणि परत तिसरीकडे आली. महादेवराव लांबून बघत होते. त्यांचे हात आपोआप एकमेकांत गुंतले होते.

सुभद्राने पार्वताबाईच्या कानात काही सांगितलं.

"हाच म्हनते," पार्वताबाईने बोट दाखवलं.

महादेवराव पुढे झाले. या फोटोवरून त्यांची नजर अकोल्यात चार वेळा गेली असेल आणि चारही वेळा पुढे सरकली असेल. फोटोतला माणूस दचकलेला होता. तोंड किंचित उघडं, डोळे मोठे, कुणीतरी एकदम हाक मारावी तसा. उत्तम असा नव्हता. उत्तम उधळलेल्या बैलापुढे उभा राहून त्याला शिव्या देणारा माणूस. त्यांनी डोळे मिटून उत्तमचा चेहरा आठवायला घेतला, तर भिंतीवरचे सगळे कोट एकामागून एक आले आणि शेवटी त्यांचाच फोटो आला. घरून निघताना भावाचा चेहरा जेवढा आठवत होता तेवढाही आता उरला नव्हता. ते घाबरले.

आयुष्यात पहिल्यांदा ते सुभद्राशी सरळ बोलले. "सुभद्रा, खरंच हा उत्तम हाये?"

हॉलमधले दोघे-तिघे वळून बघू लागले. सुभद्राने तोंड भिंतीकडे केलं.

"बाई, त्याइले सांगा," ती पार्वताबाईला म्हणाली, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला, "मी पायलं. आता मले पुन्हा पाहाले लावू नका."

कमलाकांतने तो फोटो कापडावरून काढला. तिसऱ्या ओळीत एक चौकोन रिकामा राहिला. बघायला आलेल्या एका मास्तरांनी विचारलं, "हा कुठला गेला?" कमलाकांत म्हणाला, "घरी."

परतीच्या मोटारीत बायका पुढे बसल्या आणि महादेवराव मागे. मूर्तिजापूर गेल्यावर पार्वताबाई उठून त्यांच्याशेजारी आली.

"मी विचारलं तिले, कायच्यावरून ओयखलं म्हनून."

"मंग?"

"ते म्हनते, लग्नात अंतरपाट सरला तवा नवरदेव असेच दिसले होते. अस्से दचकलेले. पयल्यांदा तोंड पायलं ते तसं, म्हनून तेच ध्यानात हाये. मंग चार वर्सं घरात सारे जन, कामं, तिनं दिवसा कवा निरखून पायलं?"

"मले काहून नाही दिसला तो तवा तसा?"

"तुमी त्याच्या मांगं उभे होते ना. करवले."

महादेवरावांनी खिडकीबाहेर बघितलं. काळी रानं नांगरून पडली होती. हे पटण्यासारखं होतं. आपण तेव्हा मागे उभे होतो, खरंच होतो. उत्तमचं डोकं आणि मुंडावळ्यांची गाठ एवढंच दिसत होतं. पण मग दुसरं मन म्हणे, की कॅमेऱ्यावरचं काळं फडकं सरलं तेव्हा चाळिसातला कुणीही दचकला असेल. हा एखादा दर्यापूरचा, बार्शीटाकळीचा माणूस असेल. आज घरी बसून चहा पीत असेल.

"तुमाले पटलं नाही?" पार्वताबाईने विचारलं.

"पटलं बी न नाही बी."

"ते म्हनते हाच, तं हाच. घर तिनं केलं त्याच्यासंगं. तुमी नाही."

"घर मीही केलं त्याच्यासंगं. तिच्याआंदी वीस वर्सं."

पुढच्या बाकावर शालू कागदात गुंडाळलेला फोटो मांडीवर घेऊन आडवी झाली होती, आणि सुभद्रा तो खाली घसरू नये म्हणून एका हाताने धरून होती.

आखाजीला पहाटेच चूल पेटली. पाण्याची नवी घागर भरून ठेवली, आंब्याचा रस काढला, कुरड्या तळल्या. पाटावर फोटो ठेवला. सुभद्रा त्याच्या अगदी समोर बसली होती, चेहऱ्यावर पदर न ओढता, आणि एकदाही तिने मान खाली घातली नाही. ते बघून महादेवरावांना वाटलं, हाच उत्तम. पण लगेच वाटलं, ही अशी बसली आहे ती ओळखीने, की ठरवून?

त्यांनी निखारे पुढे ओढले. आधी बापाचं नाव घेऊन घास टाकला, मग आजाचं, मग आईचं. त्यांचे कुणाचेच फोटो नव्हते, आणि त्यांची नावं घेताना काही अडलं नाही. चौथा घास हातात घेतला आणि पाटाकडे बघितलं. तो दचकलेला माणूस त्यांच्याकडे बघत होता. उत्तम असेल तर आपण त्याला ओळखत नाही, आणि उत्तम नसेल तर तो तरी आपल्याला कसा ओळखेल? ओठांवर आलेलं नाव तिथेच थांबलं. रस बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला.

"बोला ना," पार्वताबाई हळूच म्हणाली.

शालू फोटोच्या बाजूला जाऊन बसली होती. तिने फोटोतल्या माणसाच्या डोळ्यांपासून बोटाने हवेत एक रेघ ओढली. ती महादेवरावांच्या खांद्यावरून मागे गेली. मागे नुसती भिंत होती.

"मोठे बाबा, बाबा कोनाकडे पाहून राहिले?"

सुभद्राही आता त्यांच्याकडे बघत होती. सरळ.

"फोटोवाल्याकडे," महादेवराव म्हणाले. मग त्यांनी उत्तमचं नाव घेतलं, मोठ्याने, दोनदा, आणि घास निखाऱ्यावर टाकला.